स्वभाव कीं स्राव ?

मनुष्याच्या स्वभावासंबंधीं जितके निकाल न्यायालयांत लागत नसतील, तितके आमच्या घरांतील माजघरांत लागतात. धाकटी सून आळशी, मधला मुलगा तापट, पुतण्या सूर्यवंशी, आजी चिडखोर, अशा एकेका विशेषणानें एकेका माणसाची आयुष्यभराची सनद लिहून टाकली जाते व त्या निकालावर अपील चालत नाहीं. हीं विशेषणें देणारीं माणसें दुष्ट असतात असें मुळींच नव्हे. एका छपराखालीं नांदणाऱ्या दहा-पंधरा माणसांस परस्परांविषयीं कांहीं तरी अजमास बांधल्यावांचून गत्यंतर नसतें. आणि ‘स्वभाव’ हा शब्द त्या कामीं फार सोईचा पडतो, कारण एकदां स्वभाव म्हटला कीं कारण शोधण्याचे श्रम वाचतात. त्या वाचलेल्या श्रमांविषयींच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

शरीरांतील कारभार चालण्यासाठीं निरोप दोन मार्गांनीं जातात. पहिला मार्ग मज्जातंतूंचा. विस्तवावर पडलेलें बोट क्षणार्धांत मागें येतें, तें याच मार्गानें. दुसरा मार्ग रक्ताचा. कांहीं ग्रंथी आपला रस कोणत्याही नळीवाटे बाहेर न सोडतां थेट रक्तांत सोडतात, आणि तो रस गांवांतील दवंडीप्रमाणें सर्व शरीरभर फिरतो. दवंडी सर्वांच्या कानांवर पडते, परंतु जिच्याशीं ज्याचा संबंध तोच उठून कामास लागतो. तद्वत् ज्या पेशींच्या ठायीं तो रस ओळखण्याची योजना असते, त्याच त्याचें ऐकतात. या रसांस संप्रेरक किंवा हॉर्मोन असें नांव आहे.

हा दुसरा मार्ग आहे हें सिद्ध होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. सन १९०२ मध्यें लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनीं एका कुत्र्याच्या आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून टाकले आणि त्या भागांत आम्ल घातलें. निरोपाची तार तुटलेली असूनही स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागला ! अर्थात् निरोप रक्तानें नेला होता. पुढें १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं आपल्या व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम योजिला. ‘चेतविणें, प्रवृत्त करणें’ अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो आला आहे.

आतां या प्रवृत्त करणाऱ्यांपैकीं एकाच्याच घरीं आम्ही वाचकांस घेऊन जाणार आहों. गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या किंचित् खालीं, फुलपांखराच्या आकाराची, सुमारें दीड-दोन तोळे वजनाची थायरॉईड अथवा अवटु ग्रंथि असते. अन्नांतून आलेलें आयोडीन घेऊन ती थायरॉक्सीन नांवाचें द्रव्य तयार करिते. शरीरांतील चुलींची आंच किती असावी, हें ठरविण्याचें काम त्या द्रव्याकडे आहे. हृदयाचे ठोके, आंतड्याची गति, अंगाची ऊब, केसांची वाढ, स्मरण, उत्साह हीं सर्व थोड्याफार प्रमाणांत त्याच्या अंकित आहेत. आणि हा सर्व व्याप किती अल्प सामग्रीवर चालतो म्हणाल, तर प्रौढ मनुष्यास दिवसास आयोडीन लागतें तें सुमारें १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी ती चार ग्रॅमांच्या आंतच राहते. म्हणजे चहाचा एक चमचाही भरावयाचा नाहीं.

ही आंच मंद झाली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आमच्याच कुटुंबांत घडलें. आमच्या एका चुलत बंधूंची पत्नी सन २०१४ मध्यें बाळंत झाली. आम्ही त्या काळीं नोकरीनिमित्त नागपुरास होतों. त्यामुळें पुढील हकीकत कांहीं घरच्या मंडळींकडून व पुष्कळशी खुद्द तिच्याकडून कळलेली आहे. मूल सहा-सात महिन्यांचें होईपर्यंत तिला सकाळीं उठवेनासें झालें. वैशाखांतही ती अंगावर शाल घेऊन बसे. जेवण बेताचें असून अंग जड होत चाललें, केस गळूं लागले, आवाज घोगरा झाला, आणि आमटींत मीठ घातलें कीं नाहीं हें तिला आठवेना. घरांत वडिलकीच्या नात्यानें आमच्या आत्या आहेत. त्या म्हणाल्या, “पांच लेंकरें सांभाळून आम्ही पहाटे चाराला सडा घालीत होतों. हल्लींच्या मुलींना माहेरीं कष्टाची संवयच नाहीं.” पतिराजांनीं मन घट्ट करण्याचा उपदेश केला. शेजारणींनीं व्यायाम सुचविला. अशा रीतीनें चौदा महिने लोटले; आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, इतरांचें मत ऐकतां ऐकतां आपण खरोखरच आळशी आहों असें तिचें तिलाच वाटूं लागलें.

पुढें एके दिवशीं आत्यांचा रक्तदाब पाहण्यास घरचे डॉक्टर आले असतां तिनें त्यांस चहा नेऊन दिला. तिचा आवाज ऐकून व सुजलेल्या पापण्या पाहून त्यांनीं आत्यांची नाडी बाजूस ठेवली व हिलाच विचारलें, “मुली, तुला थंडी फार वाजते का ?” मग त्यांनीं तिच्या टाचेमागील शिरेवर लहानशी हातोडी मारून पाहिली. निरोगी माणसाचें पाऊल झटका देऊन चटकन् पूर्ववत् होतें. हिचें पाऊल जणुं विचार करकरून मागें आलें. दुसऱ्या दिवशीं रक्त तपासलें आणि आळसाचें नांव बदललें. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षांत कांहीं स्त्रियांच्या या ग्रंथीस सूज येते. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून तिच्यावर उलटते. कित्येकींत हा विकार आपोआप निवळतो, कांहींत कायमचा राहतो. हिच्यांत तो कायमचा राहिला.

रक्ताच्या त्या अहवालांतील एक गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटली. थायरॉईडवर देखरेख करणारी दुसरी एक ग्रंथि मेंदूच्या तळाशीं असते. पीयूषिका तिचें नांव. आकार वाटाण्याएवढा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. रक्तांत थायरॉक्सीन कमी पडलें कीं पीयूषिका टी. एस्. एच्. नांवाचा हुकूम सोडते, आणि तें पुरेसें झालें कीं हुकूम आवरता घेते. पीयूषिकेवरही मेंदूंतील हायपोथॅलॅमसचा दाब असतो, आणि त्या दोघांवरही खालून आलेल्या थायरॉक्सीनचा अंकुश असतो. म्हणजे या कारभारांत शेवटचा शब्द कोणा एकाचा नाहीं. वरचा खालच्यास आज्ञा करितो व खालच्याचें ऐकून आपली आज्ञा बदलितो. परंतु खालची ग्रंथि आजारी पडली असेल तर काय होतें ? काम होत नाहीं म्हणून पीयूषिका हुकूम वाढवीत जाते, दसपट, वीसपट वाढविते. आमच्या भावजयीच्या रक्तांत टी. एस्. एच्. असेंच कित्येक पटींनीं चढलेलें होतें. तिच्या शरीरांत जें चाललें होतें, तेंच त्या चौदा महिन्यांत घरांतही चाललें होतें. थकलेल्यास ओरडून उठवितां येत नाहीं. ओरडण्यानें एवढेंच कळतें कीं कोठें तरी कांहीं तरी बिघडलें आहे.

उपचार मात्र आश्चर्यकारक रीतीनें साधा. सन १८९१ मध्यें इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे यांनीं याच रोगानें मंदावलेल्या एका शेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली. १९१४ सालीं नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत केंडल यांनीं थायरॉक्सीन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि पुढें तें रसायनशाळेंत तयार होऊं लागलें. हल्लीं मेंढीची गरज उरलेली नाहीं. मोहरीहून थोडी मोठी अशी स्वस्त गोळी सकाळीं उपाशींपोटीं घेतली म्हणजे झालें. तीन महिन्यांच्या आंत शाल पेटींत गेली, आवाज मोकळा झाला, आणि आमटीला पुन्हां चव आली.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण ती तेथें संपली नाहीं. दिवाळीस आम्ही घरीं गेलों असतां सहज प्रकृतीची विचारपूस केली. ती म्हणाली, “भाऊजी, गोळीनें थकवा गेला. पण त्या चौदा महिन्यांत कानांवर पडलेलें कोणत्या गोळीनें जाईल ?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें व आजही नाहीं. आत्यांनीं ‘चुकलें’ हा शब्द कधीं उच्चारला नाहीं. त्यांच्या पिढीस तो शब्द सुनेपुढें उच्चारतां येत नसे. परंतु तेव्हांपासून रोज पहाटे गोळी व पाण्याचें भांडें सुनेच्या उशाशीं तेच हात नेऊन ठेवतात, आणि कोणी तिला लवकर चहा देऊं लागलें तर स्वयंपाकघरांतून आवाज येतो, “थांबा, तिचा अर्धा तास व्हायचा आहे अजून !” गोळी व चहा यांत अंतर हवें, हें डॉक्टरांनीं एकदांच सांगितलें होतें.

एवढ्यावरून सर्वच स्वभाव म्हणजे स्राव, असा सिद्धांत कोणी काढील तर तोही आम्हांस मान्य नाहीं. आमच्या सोळा वर्षांच्या पुतण्यानें तो काढलाच आहे. सकाळीं उशिरां उठण्याबद्दल आजोबा बोलले कीं तो शास्त्राधार दाखवितो. आणि तो आधार अगदींच खोटा नाहीं. झोंपेची चाहूल देणारें मेलॅटोनिन हें संप्रेरक त्या वयांत रात्रीं उशिरां वाढूं लागतें, म्हणून मुलांस लवकर झोंप येत नाहीं. पण आजीस उलट उत्तर दिल्यावरही ‘हॉर्मोन बोलतात’ असें म्हणूं लागल्यास तें कसें चालावें ? आजोबांचें इन्शुलीन कमी पडतें हें खरें. परंतु पेढ्यांच्या डब्याकडे जाणारा हात इन्शुलिनाचा नसून आजोबांचाच असतो. संप्रेरकें शरीरास व मनास कल देतात. त्या कलावर पुढें काय करावयाचें, याचा पुष्कळसा भाग आपल्याकडे उरतो. मात्र तो किती उरतो हें बाहेरून बघणारास दिसत नाहीं, म्हणून निकाल देण्यापूर्वीं चौकशी करावी, एवढेंच आमचें म्हणणें.

ती चौकशी कठीण नाहीं. थायरॉईडचे विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत कित्येक पटींनीं अधिक आढळतात. तेव्हां बाळंतपणानंतर सून किंवा लेक मंदावली, तर आधीं रक्त तपासावें व मग तोंड उघडावें. नवजात बालकांतही ही ग्रंथि क्वचित् जन्मतःच अपुरी असते. पहिल्या कांहीं दिवसांत टाचेच्या रक्ताच्या थेंबांवरून तें ओळखून दोन आठवड्यांच्या आंत औषध सुरू केलें, तर बुद्धीचें होणारें कायमचें नुकसान टळतें. उशीर झाल्यास तें भरून येत नाहीं. मिठाविषयींही सांगावयास हवें. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत गलगंडाची सांथ होती. कांगडा खोऱ्यांत सन १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून ती ओसरते असें दाखविलें, आणि १९६२ मध्यें सरकारनें गलगंड निवारणाची योजना हातीं घेतली. हल्लीं कांहीं घरांतून उपवासाचें सैंधवच आरोग्यकारक म्हणून रोजच्या स्वयंपाकांत वापरूं लागले आहेत. सैंधवांत आयोडीन सामान्यतः पुरेसें नसतें. तें उपवासापुरतेंच ठेवावें. आणि एकीची गोळी दुसरीनें परस्पर घेऊं नये. आंच कमी असणें जसें वाईट, तसेंच ती भडकणेंही वाईट.

आमच्या माजघरांतील न्यायासन कोणी मोडून टाकावें, असें आम्ही म्हणत नाहीं. तें मोडणारही नाहीं. माणसें एकत्र राहतात तोंवर एकमेकांस नांवें ठेवणारच. परंतु तेथें बसणारानें ‘ही अशीच आहे’ असें म्हणण्यापूर्वीं ‘ही पूर्वीं अशी होती काय ?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची वहिवाट पाडावी. त्याचें उत्तर ‘नव्हती’ असें आलें, तर निकाल तहकूब ठेवून डॉक्टरांस बोलवावें.