शस्त्रागारांतील पंक्तिभेद

न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर तांबड्या विटांची जी किल्लेवजा वास्तू उभी आहे, ती सातव्या रेजिमेंटचे शस्त्रागार, येथील भाषेत आर्मरी, होय हे ठाऊक नसलेल्या नवागताने तिला एखाद्या संस्थानिकाचा वाडा मानले तर त्याला दोष देता येणार नाही. कारण 1880 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत सरकारी खजिन्यातून नव्हे, तर मुख्यतः धनिकांच्या वर्गणीतून उभी राहिली, आणि तिची काही दालने लुई टिफनीसारख्या कलावंताने सजविली. 1877 च्या रेल्वे संपात मजूर व सैनिक यांच्यात रक्तपात झाल्यावर शहरोशहरी अशी शस्त्रागारे उठली, म्हणजे त्यांच्या जाड भिंती परचक्रापेक्षा स्वकीयांच्याच धास्तीने घातलेल्या होत्या, हे उघड आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान मात्र तेथे संध्याकाळी जमत ते कचेरीतून सुटलेले कारकून, वकील, दुकानांतले नोकर. 1916 च्या कायद्याने या फावल्या वेळच्या नागरिक-शिपायांना वर्षाकाठी 48 कवायती व उन्हाळ्यात 15 दिवसांचे शिक्षण बंधनकारक होते. साध्या शिपायाच्या पदरी एका कवायतीमागे साधारण एक डॉलर पडे, आणि मंदीच्या वर्षांत तोही हेटाळण्यासारखा नव्हता. एरवी त्याच विस्तीर्ण, खांबविरहित सभागृहांत खेळांचे सामने रंगत. सातव्या रेजिमेंटकडे राष्ट्रीय टेनिस, तर मॅडिसन ॲव्हेन्यूवरील घोडदळाकडे चक्क छपराखालचा पोलो!

परंतु जातवार पंगती पाहिलेल्या माझ्यासारख्या परदेशस्थ मराठी माणसाला जे प्रथम खुपते ते निराळेच. पार्क ॲव्हेन्यूवर श्रीमंतांची मुले. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर आयरिश कॅथलिकांची एकोणसत्तरावी, जिला सरकारी दप्तरात 165 हा क्रमांक मिळाला तरी लोकांनी जुने नाव सोडले नाही. आणि हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची 369 वी. नागरिकांची सेना म्हणून जिचा गौरव होई, तिच्यात नागरिक आपापल्या पंक्तीतच उभे होते. या हार्लेमच्या पलटणीने पहिल्या महायुद्धात फ्रेंचांच्या हाताखाली पराक्रम गाजविला, तेव्हा तिचे बहुतेक अधिकारी गोरे होते. 1938 मध्ये तिचे आधिपत्य बेंजामिन डेव्हिस या कृष्णवर्णीय कर्नलकडे आले आणि 1940 मध्ये तेच अमेरिकी सैन्यातील पहिले कृष्णवर्णीय ब्रिगेडियर जनरल झाले. तथापि 1941 च्या जानेवारीत ही पलटण संघराज्याच्या सेवेत रुजू झाली, ती पूर्ववत् निराळ्या पंक्तीतलीच.