साचलं की वाहिलं

जूनमध्ये माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. त्यानंतर पहिल्यांदा कन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बसले, तर पडद्यावरची केंद्रकं एवढी निळी दिसली, की विद्यार्थिनीला विचारलं, “लेझर वाढवलास का गं?” ती म्हणाली, “नाही मॅडम, सेटिंग तेच आहे.” म्हणजे निदान दोन वर्षं मी तोच निळा फिकट बघत होते, आणि त्याच डोळ्यांनी ठिपके मोजत होते.

ठिपके म्हणजे एलसी-३चे, हिरवे. पेशी आपल्या पोटातला मोडका माल पिशव्यांत बांधते आणि लायसोसोमकडे नेऊन विरघळवते; त्या पिशव्या चमकतात. पेशीगणिक ठिपके मोजायचे, एवढंच काम. ते मी बावीस वर्षं करते आहे, आणि एकच प्रश्न बावीस वर्षं माझ्या मानगुटीवर बसलाय. ठिपके वाढलेले दिसले, तर पिशव्या जास्त बांधल्या गेल्या, की विरघळायच्या थांबल्या?

लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या प्रयोगशाळेत नवीन मूल आलं, की मी त्याला एकदा मुळशी धरणावर घेऊन जाते. पाणी किती चढलंय हे तिथं कुणीही सांगेल. पण ताम्हिणीकडे पाऊस जास्त झाला म्हणून चढलं, की भिऱ्याच्या वीजघराला कमी सोडलं म्हणून, हे काठावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही मोजावं लागतं. पेशीत ती सोय नाही. म्हणून आम्ही बाफिलोमायसिन घालून बाहेरची वाट पुरती बंद करतो आणि वाट बंद असताना किती साचलं, उघडी असताना किती होतं, यातला फरक धरतो. तोही अंदाजच. बाफिलोमायसिन चार तास ठेवलं तर एक उत्तर येतं, रात्रभर ठेवलं तर पेशीच वैतागतात आणि तिसरंच काहीतरी सांगू लागतात.

गंमत नव्हे, पण ही विद्या जन्मालाच आली ती तुंबवण्यातून. पेशीच्या या स्वतःलाच पचवण्याला ऑटोफॅजी हे नाव क्रिस्तियां द दूव्ह यांनी 1963 साली दिलं. मात्र योशिनोरी ओसुमींनी ती यीस्टमध्ये डोळ्यांनी पाहिली, कारण त्यांनी पचवणारी विकरंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि ते उपाशी ठेवलं. काही तासांत त्याच्या पोकळीत पिशव्याच पिशव्या साचल्या, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील इतक्या. 1992 चा तो शोधनिबंध मी अजून दर वर्षी वाचते. ते साचलेपण आपणच घडवलंय याचा विसर त्यांना एका ओळीतही पडत नाही. आज माझ्याकडे परीक्षणाला येणाऱ्या निबंधांत एलसी-३चा एक जाड बँड दाखवतात आणि ‘ऑटोफॅजी वाढली’ असं लिहून मोकळे होतात. बाफिलोमायसिनची लेन नाही, पिशव्यांबरोबर विरघळणारं पी-६२ मोजलेलं नाही. असे निबंध मी परत पाठवते. पुढे ते दुसरीकडे छापून येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याहून वाईट वाटतं ते ओसुमींच्या 2016 च्या नोबेलनंतर आपल्या घराघरांत जे फिरलं त्याचं. उपवास केला की पेशी कर्करोग खाऊन टाकतात, एकादशीवर विज्ञानाचं शिक्कामोर्तब झालं, वगैरे. ओसुमींचं काम यीस्टवरचं आहे. वाढलेल्या गाठीतल्या पेशी तर याच ऑटोफॅजीवर उपासमारीत तग धरतात. पिरंगुटच्या एका ओळखीच्या घरात केमो चालू असलेल्या आजोबांना चतुर्थीबरोबर सोमवारही धरायला लावले होते. वजन काट्यावर दर आठवड्याला उतरत होतं. मी त्यांच्या सुनेला हात जोडून सांगितलं, त्यांना आंबेमोहोराचा मऊ भात आणि तूप घाला, जेवढं जाईल तेवढं घाला.

आमचं काम गालाच्या कर्करोगाच्या पेशींवर चालतं. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅलेक किमलमन यांच्या गटानं दाखवलं, की स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशी आपल्या अंगावरची एमएचसी-१ ही ओळखपाटीच या पिशव्यांत ओढून गिळतात, म्हणजे त्यांना मारणाऱ्या टी पेशींना त्या ओळखूच येत नाहीत. पिशव्यांची वाट अडवली की पाटी परत वर येते. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. गालाच्या पेशींतही हेच असलं तर? ही वाट अडवणारं क्लोरोक्विन तर आपल्याकडे मलेरियाच्या काळापासून घरोघर माहीत. मग गालाच्या पेशींना ते देऊन वर टी पेशी घालायचे प्रयोग आम्ही सुरू केले.

पण टी पेशींच्या बाबतीतही तोच जुना प्रश्न आडवा येतो. गाठीच्या काचेवर टी पेशींची गर्दी दिसते आणि माणूस हुरळतो. ती गर्दी कामाला लागलेल्यांची आहे, की पीडी-१चा ब्रेक लागून थकून बसलेल्यांची? ही वाहती गोष्ट आहे आणि आपल्या हातात फक्त फोटो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा मला हेवा वाटतो तो इथं. त्यांनी डोकं-मानेच्या कर्करोगात तोच ब्रेक सोडवणारं निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं, आणि वर्षभर जगणारे रुग्ण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. वर्षानं माणूस जिवंत आहे की नाही, हे मोजताना कुणाच्या डोळ्याचा दोष आड येत नाही.

माझ्या मोजण्यात आला. ऑपरेशननंतर तीन आठवडे मला सूक्ष्मदर्शक बंद होता. त्या काळात विद्यार्थिनीनं जुन्या स्लाइडच्या नावांवर वह्यांना लावतात तसली कागदी लेबलं चिकटवली, वर नुसते क, ख, ग लिहिले आणि सगळं नव्यानं मोजलं. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींतला फरक जवळपास निम्म्यावर आला. मी खोटं मोजलं नव्हतं. पण औषधाच्या स्लाइडवर मी जास्त रेंगाळत होते, चांगलं फील्ड मिळेपर्यंत काच सरकवत होते. ‘मॅडमचा डोळा’ असं मुलं म्हणायची आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. मोजणीचं सॉफ्टवेअर मी याच सुखासाठी चार वर्षं लॅबमध्ये येऊ दिलं नाही.

मग तिनं दुसरं विचारलं. “टी पेशी घालायच्या आधी आपण क्लोरोक्विन तीनदा धुतो. न धुता करू का?” मला माहीत होतं ती काय विचारतेय. टी पेशींनाही टिकायला आणि शत्रूची आठवण ठेवायला हीच ऑटोफॅजी लागते. फ्लास्कमध्ये औषध धुता येतं, रुग्णाच्या अंगातलं धुता येत नाही. आमच्या निबंधात ते धुणं मी पद्धतीच्या भागात अर्ध्या ओळीत घातलं होतं.

न धुता मी एकदा केलं होतं, 2021 च्या पावसाळ्यात. टी पेशींनी जवळजवळ काही मारलं नाही. त्या दिवशी पेशीच धड नव्हत्या, असं मी ठरवलं, तो प्रयोग बाजूला ठेवला आणि पुढं सगळ्यांना तेच सांगत आले. गेल्या सोमवारी आम्ही न धुता पहिली प्लेट लावली. त्याआधी मी ती जुनी वही काढून तिच्या हातात दिली. त्या तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद आहे : पेशी उत्तम, नव्वद टक्क्यांवर जिवंत.