धोंडो हें नांव

गेल्या महिन्यांत आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं नातवाचें बारसें झालें. त्याच्या आदल्या रात्रीं नांवावरून घरांत दोन पक्ष पडले. मुलाला आमच्या आजोबांचें ‘धोंडो’ हें नांव ठेवावें, अशी मातुःश्रींची इच्छा. सूनबाईंना तें मुळींच रुचेना. शाळेंत मुलें हंसतील, हें त्यांचें म्हणणें. खरें सांगावयाचें तर आम्हीही मनांतून त्यांच्याच पक्षाचे होतों. लहानपणीं कोणी आजोबांचें नांव विचारलें, कीं आम्ही इंग्रजी आद्याक्षरांवर वेळ मारून नेत असूं.

नांवाचा अर्थ उघड आहे. धोंडा म्हणजे दगड. त्यावरूनच धोंडू, धोंडिबा आणि आदरार्थी धोंडोपंत. १८५७ च्या उठावांतील नानासाहेब पेशवे हे धोंडोपंतच. आणि १८९६ सालीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढणारे, पुढें १९५८ सालीं भारतरत्न झालेले महर्षि कर्वे हे धोंडो केशव. परंतु असें नांव आईबापांस सुचावें तरी कां, याचा विचार आम्हीं कधींच केला नव्हता.

मातुःश्री नातसुनेस म्हणाल्या, “अग, माझ्या आजेसासूबाईंनीं मला स्वतः सांगितलें आहे. त्यांचीं पहिलीं तीन मुलें गेलीं. त्यांतलीं दोन देवींनीं, एकाच आठवड्यांत. चवथ्याच्या वेळीं त्यांनीं हौसेचें नांव ठेवलेंच नाहीं. हा नुसता धोंडा आहे, नेण्याजोगें यांत कांहीं नाहीं, असें यमाला वाटूं दे, म्हणाल्या.”

सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं निजलेल्या बाळाच्या अंगावरील दुपटें उगीचच सारखें केलें.

मुलें जगत नसत अशा घरीं दगडू, भिकाजी अशीं नांवें ठेवण्याची चाल आपल्याकडे होतीच. दूर रुमानियांतही आजारी मूल खिडकींतून दुसऱ्या बाईस विकल्यासारखें करीत व त्याचें नांव बदलून ‘लुपु’, म्हणजे लांडगा, असें ठेवीत. मृत्यूनें त्याला ओळखूं नये, एवढाच हेतु. देश निराळे, भाषा निराळ्या. आईचें भय मात्र एकच.

देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. आज बाळाला लस आहे, डॉक्टर आहेत; दगडाच्या आड लपविण्याचें कारण उरलें नाहीं. म्हणून कागदोपत्रीं सूनबाईंच्या पसंतीचेंच नांव लागलें. परंतु बारशाच्या दिवशीं आत्यानें कानांत सांगितलेलें पहिलें नांव ‘धोंडो’ होतें, आणि तसें करण्यास सूनबाईंनींच सांगितलें होतें.

वाचकांच्या घरच्या जुन्या वंशावळींत असा एखादा धोंडो किंवा भिकाजी आढळल्यास हंसूं येणें साहजिक आहे. तथापि त्याच्यापूर्वीं त्या घरचा पाळणा किती वेळां रिकामा झाला होता, हें वडीलधाऱ्यांस, ते आहेत तोंवर, विचारून ठेवावें. आमचें विचारावयाचें राहूनच जाणार होतें.