दांत्यांचें बळ

आपल्याच आडाचें पाणी गोड, अशी जशी प्रत्येकाची समजूत असते, तशी आपल्याच गाडीचा गिअरबॉक्स दणकट, अशीही असते. भूमच्या चहाच्या दुकानीं हा वाद निघाला, कीं कोणी फियाटचा कैवार घेई, कोणी अँबॅसडरचा, कोणी सुमोचा. आम्ही पडलों जीपवाले. वडिलांनीं घेतलेली जुनी जीप दारांत उभी असतां इतरांचें ऐकून घेण्याची आम्हांस गरजच काय?

शिवाय पुरावा आमच्या बाजूनें होता. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपमध्यें टी-८४ नांवाची तीन गिअरांची पेटी होती. १९४५ सालीं तीच जीप शेतकऱ्यांसाठीं निघाली, तेव्हां शेतीच्या ओढकामाला ही पेटी हलकी पडेल म्हणून तिच्या जागीं अधिक भक्कम टी-९० आली. महिंद्रांच्या जुन्या जीपांतही हीच पेटी होती. उलट फियाटची पेटी १,०८९ सीसीच्या लहान इंजिनाच्या जोरापुरती बेतलेली. तेव्हां मोठी पेटी तीच बळकट, हा सिद्धान्त आम्ही तावातावानें मांडीत असूं.

एका पावसाळ्यांत हा सिद्धान्त आमच्या हातांतच मोडला. आईस दवाखान्यांत दाखवून आम्ही बार्शीहून परत येत होतों. भूम बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें. वाटेंतील एका चढावर चिखलानें वेग तुटला. गाडी पुरती थांबवून मगच पहिला गिअर टाकावयाचा, ही वडिलांची शिकवण; पण चिखलांत रुतण्याच्या भीतीनें आम्हीं चालत्या गाडींतच तो लोटला. करकर आवाज झाला, मग एक ठोका, आणि जीप निपचित पडली. कोणा परक्याच्या ट्रॅक्टरनें ओढून नेईपर्यंत आजारी आई दोन तास गळक्या ताडपत्रीखालीं बसून होती. घरीं वडील एवढेंच म्हणाले, “पेटी चांगली होती.”

दुसरे दिवशीं मिस्त्रीमामांनीं पेटी उघडली व तुटलेला दांता आमच्या तळहातावर ठेवला. “मालक, हा काल तुटला खरा, पण मरत होता कित्येक वर्षं.” पहिल्या गिअरच्या दांत्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला या पेटींत पितळी कडें असतें. तें आधीं दोन्ही बाजूंची गती एक करतें आणि मग त्यांची गांठ घालतें. पहिल्या गिअरला तें नाहीं. तेथें हें काम चालकाच्या संयमानें करावयाचें. याहून वाईट गोष्ट मामांनीं शाफ्ट हलवून दाखविली. बेअरिंग ढिलें झालें, कीं ओझ्याखालीं दोन शाफ्ट एकमेकांपासून दूर सरतात; मग दांता पुऱ्या अंगानें न भिडतां टोंकावरच भार घेतो. अशा वेळीं रुंद दांताही मोडतो, आणि घट्ट बेअरिंगांतला लहान दांता वर्षानुवर्षें टिकतो. तिरप्या दांत्यांचेंही तसेंच. सरळ दांत्यांपेक्षां ते बळकट, कारण एका वेळीं अधिक दांते भार वांटून घेतात. पण ते शाफ्टला बाजूस रेटतात, व तो रेटा बेअरिंगांनींच सोसावा लागतो.

आम्हीं विचारलें, “पांच गिअरांची नवी पेटी बसवूं या का?”

मामा हंसले. “बसवूं की. पण पांचवा गिअर घाई कमी करत नाही, मालक.”

आम्ही ओशाळलों. युद्धकाळांतील जीपमध्यें पहिला गिअर, खालचा टप्पा व डिफरन्शियल मिळून इंजिनाची ओढ चाकांशीं सुमारें २५ पट होई, हा आंकडा आम्हांस पाठ होता; आमच्या अधीरपणाचा भार त्या दांत्यांवर किती पट पडे, हें मात्र आम्हीं कधीं मोजलें नव्हतें.

मोडलेलें चाक व बेअरिंगें बदलून तीच पेटी पुन्हा बसविली. दुकानांतला वाद अद्याप चालतो. कोणी आम्हांस कौल विचारलाच, तर ओझें किती, बेअरिंग कसें आणि हात कोणाचा, हें आम्ही आधीं विचारतों. मग फियाटवाल्याचा पक्षही आम्हांस लंगडा वाटत नाहीं. आणि त्या चढावर गाडी मंदावली, कीं मागच्या बाकावरून आई अजूनही विचारते, “थांबलास का रे?”