अण्णांचा अजिंठा

आमचे अण्णा तळोद्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर पद्मपाणी शेकडो वेळा काढला असेल, पण अजिंठा कधी पाहिला नाही! निवृत्तीनंतर, या दिवाळीत एकदाचे निघालो. नंदुरबारहून रेल्वेने जळगाव, पुढे एस.टी.ने फर्दापूर फाटा. आईच्या दशम्या सोबत होत्याच.

एक नंबरच्या लेण्यात मंद उजेड. मोतीबिंदूमुळे अण्णांना भिंतीवर नुसता तपकिरी डाग दिसेना का! मी वैतागलो, "मोठा दिवा लावायला काय जातं यांचं?"

उलट अण्णांनीच समजावलं. जास्त उजेडाने रंग उडतात. इथला रंग इटलीतल्यासारखा ओल्या चुन्यावर नाही, माती-भुशाच्या कोरड्या गिलाव्यावर दिलेला. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा सावरला, पण वरून दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं.

मग हळूच म्हणाले, "तुले काय दिखस, सांग."

मी मेकॅनिकलवाला, गडबडलो. "मान कललेली... हातात कमळ... डोळे अर्धे मिटलेले."

"भुवई?"

"एका रेषेत. धनुष्यासारखी."

अण्णांचं बोट हवेत ती रेषा ओढत होतं.

"बरोबर शे," ते म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेने आम्हाला पुढे सरकवलं.