जुन्या पेटीतील नवा बिऱ्हाडकरू

वस्तू जुनी झाली, की तिचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. कोणी ती मोडीत घालतात. कोणी आठवण म्हणून माळ्यावर ठेवतात व विसरून जातात. अलीकडे तिसराही एक मार्ग निघाला आहे. जुन्या रेडिओच्या सुबक पेटीत आजचा संगणक बसवावयाचा, आणि गाणी ऐकण्यासाठी किंवा खेळ खेळण्यासाठी ती वापरावयाची. माझ्या नातवाने हा उद्योग आरंभिला, तेव्हा मला कौतुक वाटले. मागोमाग थोडी धास्तीही वाटली.

आमच्या घरी दोन रेडिओ होते. एक माझ्या वडिलांनी १९५८ साली घेतलेला. त्याची पेटी सागवानी. काचेच्या पट्टीवर मुंबई, दिल्ली, कोलंबो अशी नावे. बटण फिरविताच तो बोलू लागत नसे. आतील काचेचे व्हॉल्व्ह तापून तांबूस उजळत आणि मग आवाज हळूहळू उमटे. तो अजूनही चालतो. दुसरा एका स्नेह्याने दिलेला. दमट कोठीत पडून त्याचे अंतरंग गंजले होते, रोहित्र जळाले होते. पेटी मात्र धड होती.

नातवाचे मन वडिलांच्या रेडिओवर बसले. “आजोबा, हीच पेटी अधिक शोभेल!” तो म्हणाला.

मी म्हटले, “अरे, ज्या घरात कोणी राहत आहे, तेथे दुसरे बिऱ्हाड कसे थाटावयाचे?”

तो हिरमुसला. त्या रात्री मी दिवा मालवून रेडिओ लावला. पाठीमागच्या भोकांतून तांबूस उजेड दिसू लागला. नातू डोळे विस्फारून पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन गंजका रेडिओ टेबलावर आणून ठेवला.

पुढचे काम जपून करावयाचे होते. अशा रेडिओत सुमारे २५० व्होल्ट दाबाची वीज खेळते, आणि तार काढून ठेवली तरी तिचा काही साठा आत उरू शकतो. म्हणून आम्ही एका जाणत्या कारागिराला बोलावले. त्याने आतील सांगाडा अखंड बाहेर काढून दिला. त्या जागी नातवाने तळहाताएवढा संगणक बसविला. ‘रास्पबेरी पाय’ या नावाचे असे स्वस्त संगणक ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रथम विक्रीस आले. जुन्या कापडामागे नवा ध्वनिक्षेपक आला. जुन्या बटणांनी आवाज कमीजास्त होऊ लागला. खेळांसाठी एक तार दूरदर्शन संचाला जोडली. व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जावी म्हणून पूर्वीच्या कारागिरांनी पाठीमागच्या पुठ्ठ्याला भोके ठेवली होती. तीच नव्या यंत्रालाही उपयोगी पडली!

लाकडाला एकही नवे छिद्र पाडावयाचे नाही, हा आमचा नियम होता. काढलेला सांगाडाही आम्ही कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवला आहे.

नव्याची हौस असावी. तीवाचून कोणतीच विद्या पुढे जात नाही. परंतु जे जिवंत आहे, ते केवळ जुने म्हणून मोडू नये. आणि जे निकामी झाले आहे, त्यालाही हात लावावयाचा तो असा, की पुढे कोणा जाणत्याला ते पूर्ववत करावेसे वाटले, तर त्याची वाट मोकळी राहावी.