उभे राहण्याची विद्या

बसथांब्यावर उभा असलेला माणूस काहीच करत नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक त्याचे शरीर सतत किंचित डोलत असते आणि तितक्याच तत्परतेने सावरत असते. डोळे भोवतालच्या स्थिर वस्तू टिपतात. आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मस्तक कोणीकडे वळले ते कळवतो. तळपायाची त्वचा, घोट्याचा सांधा आणि स्नायू भार कोठे पडला याची वार्ता देतात. या तिन्ही साक्षी जुळवून मेंदू शरीराचा तोल राखतो. हे सारे इतके मुकाट्याने चालते, की त्यातले काही हरपल्यावाचून त्याची थोरवी उमगत नाही.

जयपूर शहराने ही थोरवी जवळून पाहिली आहे. तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय घडवला. त्याआधीच्या विलायती धाटणीच्या पायाला बूट लागे. तो लावून मांडी घालणे वा उकिडवे बसणे कठीण जाई. नवा पाय घोट्यात लवे आणि शेतात अनवाणी चाले. ‘जयपूर फूट’ या नावाने तो देशोदेशी पोहोचला. डॉ. सेठींना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परंतु रबराला स्पर्श कळत नाही. म्हणूनच नवा पाय लावून दोन समांतर दांड्यांमध्ये प्रथम उभा राहणारा माणूस खाली पाहत राहतो. पाय जमिनीला टेकला की नाही, याची खात्री त्याला डोळ्यांनी करून घ्यावी लागते. दांड्यांवरची हातांची पकड घट्ट असते. हळूहळू, पायाचा जो भाग उरला आहे त्यावरील कमीअधिक दाबातून तो जमीन ओळखू लागतो. धड पाय अधिक भार पत्करतो. एके क्षणी तो पकड सैल करतो, मान वर उचलतो आणि समोर पाहतो.

रात्री दिवा गेला, की मात्र त्याला उंबऱ्याशी थबकावे लागते. डोळ्यांची साक्ष नाहीशी झालेली असते. मग तो भिंतीला हात लावतो, तोल सावरतो आणि पुढचे पाऊल टाकतो. बालपणी नकळत आलेली विद्या त्याने जाणतेपणी पुन्हा मिळवलेली असते. अशा उशिरा शिकण्यात उणेपणा कसला?